सादो बेटावर एकच दिवस मिळाला, तर...

प्रश्न : मी वर्ध्याची. शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे, वय ६७. मुलगा-सून तोक्योत असतात, ऑक्टोबरात त्यांच्याकडे चालले आहे. मुलानं क्योतोचा बेत आखलाय, पण मला सादो बेट पाहायचंय. सेवाग्रामच्या प्रार्थनेतला पहिला मंत्र ज्या पंथाचा, त्या पंथाचे मूळ पुरुष निचिरेन तिथं हद्दपारीत होते, असं वाचलं. शिवाय तिथली सोन्याची खाण आता जागतिक वारसा झाली आहे. बेटावर फार तर एक दिवस मिळेल. गुडघे कुरकुरतात. खाण, देवळं, नोह नाट्याचे रंगमंच, त्या गोल पिंपासारख्या होड्या, यातलं काय पाहू आणि काय सोडू?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. इतकी वर्षं लोकांना जपान दाखवतेय, पण सादोला जायचंय असं आपणहून म्हणणारं माणूस विरळाच भेटतं. मुलाला सांगा, क्योतो कुठं पळून जात नाही. या वेळी सादोच.

आधी बेटाच्या आकाराचा अंदाज घ्या. नकाशात ते चिमुकलं दिसतं, पण क्षेत्रफळ सुमारे ८५५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही मोठं. आगगाडी नाही. बस आहेत, पण एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ बसून राहावं लागतं. त्यामुळे एका दिवसात पूर्ण सादो दाखवतो असं कुणी म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नका. दिवस गाडीच्या खिडकीत जाईल. होड्या आणि शुकुनेगी हे जुनं जहाजबांधणीचं गाव दक्षिण टोकाला ओगीच्या बाजूला आहे. दोन्ही सुंदर आहेत, पण या फेरीत सोडा. नोहचे तीसेक रंगमंच आजही बेटावर गावोगावच्या देवळांत उभे आहेत. वाटेत एखादा दिसला तर दोन मिनिटं थांबा, त्यासाठी वाकडी वाट करू नका. दिवस दोनच ठिकाणी घाला : सकाळ निचिरेनच्या कोनपोन्जी या देवळाला, बाकी सगळा वेळ आइकावा या खाणीच्या गावाला.

असं का सांगतेय, ते जरा मोकळेपणानं लिहिते. सादोचा इतिहास म्हणजे इथं इच्छेविरुद्ध आणलेल्या माणसांचा इतिहास आहे. १२२१ मध्ये कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्धचा उठाव फसला आणि जुंतोकु या गादी सोडलेल्या सम्राटाला इथं पाठवलं. तो १२४२ मध्ये इथंच वारला, राजधानी त्याला पुन्हा दिसली नाही. १२७१ मध्ये निचिरेन आले. १४३४ मध्ये नोह नाट्याला ज्यानं घडवलं त्या झेआमीला सत्तरी उलटल्यावर इथं धाडलं. पुढं सोनं सापडलं आणि सम्राट-पंडितांच्या जागी ज्यांची नावंही कुणी धड लिहून ठेवली नाहीत अशी माणसं येऊ लागली. तुम्ही इतिहास शिकवला आहे. हा धागा हातात धरलात, तर बेटावरची प्रत्येक जागा तुमच्याशी बोलेल.

आता प्रत्यक्ष जाण्याचं. तोक्योहून शिनकानसेननं निइगाता सुमारे दोन तास. आदल्या संध्याकाळीच निइगाताला मुक्काम करा. सकाळी पहिल्या जेटफॉइलनं, म्हणजे वेगवान बोटीनं, सुटलात तर तासाभरात ऱ्योत्सु बंदरात उतराल. मोटारी नेणारी मोठी बोट अडीच तास घेते, तिचं तिकीट स्वस्त आणि डेकवर वारा छान, पण एका दिवसाच्या हिशेबात ती बसत नाही. जेटफॉइल समुद्र खवळला की रद्द होते, आणि ऑक्टोबरात वादळाची शक्यता असतेच. म्हणून दुसऱ्या दिवशी तोक्योत काही ठरवू नका. बेटावर अडकलात तर राहायची सोय होते.

मुलगा बरोबर असेल तर ऱ्योत्सुला गाडी भाड्यानं घ्या. जपानी लायसन्स नसेल तर भारतातल्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, पण जपानमध्ये आल्यापासून एक वर्षापर्यंतच. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं जातात. मुलाला जमणार नसेल तर टॅक्सी ठरवा. गुडघ्यांसाठी हा खर्च करा.

ऱ्योत्सुहून वीसेक मिनिटांत निइबोच्या भातखाचरांत कोनपोन्जी लागतं. परंपरा सांगते की निचिरेन आले तेव्हा ही त्सुकाहारा नावाची मसणवटीची जागा होती. बेवारस प्रेतं टाकायची. तिथल्या एका पडक्या खोपटात त्यांना ठेवलं. त्यांच्या पत्रांत त्या खोपटाचं वर्णन आहे : छताच्या फळ्या एकमेकींना भिडत नव्हत्या, भिंतींना भोकं, आत पडलेलं बर्फ वितळायचंच नाही. सादोचा हिवाळा मी अनुभवला आहे. समुद्रावरून येणारा तो वारा अंगावर घेतल्यावर ही ओळ नुसती वाचून सोडवत नाही. त्याच खोपटात, त्याच पहिल्या हिवाळ्यात, त्यांनी ‘काइमोकुशो’ हा आपला प्रमुख ग्रंथ लिहिला, १२७२ मध्ये.

या काळात त्यांना कुणी जगवलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आबुत्सुबो नावाचा एक वयस्क गृहस्थ आणि त्याची बायको सेन्निचि. पहारा असताना हा म्हातारा रात्री अन्नाची पेटी पाठीवर घेऊन यायचा. नंतर, १२७४ मध्ये निचिरेनची सुटका झाली, ते मिनोबूच्या डोंगरात राहायला गेले, तेव्हा हा आबुत्सुबो समुद्र ओलांडून, डोंगर चढून त्यांच्या भेटीला जात राहिला. सेन्निचिला निचिरेननी लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. पेटी पाठीवर घेऊन रात्री येणाऱ्या नवऱ्याचा उल्लेख तिलाच लिहिलेल्या पत्रात आहे. तू त्याला पाठवलंस, ते मी कोणत्या जन्मी विसरेन, असा त्याचा आशय आहे. या दांपत्याच्या नावाशी जोडलेलं म्योसेन्जी हे देऊळ मानोच्या बाजूला आहे. तिथं एकोणिसाव्या शतकातला पाच मजली लाकडी पॅगोडा आहे, निइगाता प्रांतात तसा दुसरा नाही. वेळ हाताशी असेल तरच तिकडे वळा.

सेवाग्रामचा धागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, पण इतर वाचकांसाठी दोन ओळी. निचिरेन परंपरेतले भिक्षू फुजी निचिदात्सु १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढं त्यांच्या संघातले एक जपानी भिक्षू आश्रमात राहिले. मुठीच्या सपाट चर्मवाद्यावर ठेका धरत ते मंत्र म्हणायचे. जपान युद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारनं त्यांना पकडून नेलं. माणूस गेला, मंत्र प्रार्थनेत राहिला, तो आजही आहे. वर्ध्याचा विश्वशांती स्तूपही याच संघाचा. कोनपोन्जीत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा. तिथल्या लोकांना त्यात काही वेगळं वाटणार नाही, आणि तुम्ही वर्ध्याहून आलात हे सांगितलंत तर नक्कीच आनंद होईल.

अकराच्या सुमारास आइकावाकडे निघा. वाटेत खाचरांत पांढरा-गुलाबीसर मोठा पक्षी दिसला, तर तो तोकी. जपानमधला शेवटचा देशी तोकी २००३ मध्ये इथंच मेला. मग चीनहून आणलेल्या पक्ष्यांची पैदास करून २००८ पासून ते पुन्हा मोकळ्यावर सोडले. गाडी थांबवा, पण दार उघडू नका, ते बुजतात.

आइकावाला पोचलात की प्रथम वर मान करून ‘दोयू नो वारितो’ बघा. डोंगराचं शिखर वरपासून खाली दुभंगलेलं आहे. सोन्याची शीर उघड्यावर होती, लोक वरून खणत गेले आणि डोंगराला ३० मीटर रुंद, ७४ मीटर खोल अशी चीर पडली. सुरुवातीचं काम छिन्नी-हातोडीचं. सुरुंग, यंत्रं सगळं खूप नंतर. आइकावाची शीर १६०१ मध्ये सापडली. दोन वर्षांत तोकुगावांनी, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी घराण्यानं, ओकुबो नागायासु या कर्तबगार माणसाला इथं नेमलं. तो नाट्यकलावंताच्या घरातला होता आणि बरोबर नोहचे कलाकार घेऊन आला. बेटावर नोह गावागावांत रुजलं त्यामागं हेही एक कारण सांगतात.

खाणीत पाहायचे दोन मार्ग आहेत. सोदायू हा तोकुगावांच्या, म्हणजे एदो काळातला बोगदा, हातानं खोदलेला. त्यात पायऱ्या आहेत, ओलसर आणि उतरत्या. दोयू हा त्यानंतरच्या मेइजी काळातला, रुळांचा, बराचसा सपाट. तुमच्या गुडघ्यांना दोयू सोपा. पण जमत असेल तर काठी घेऊन, सुनेचा हात धरून, सोदायूच करा. भिंतीवर छिन्नीचे ओरखडे अजून दिसतात, बोटानं मोजता येतील इतके. आत बाराही महिने १० अंशांच्या आसपास थंडी, म्हणजे शाल हवीच. जागोजागी हलते पुतळे ठेवले आहेत. एक जण दगड फोडता फोडता म्हणत असतो, लवकर बाहेर पडावं, दारू प्यावी, आपल्या बाईला भेटावं. जपानी पर्यटक तिथं हसतात. मी तिथं उभी राहिले की मला हसू येत नाही.

कारण त्या पुतळ्यांत पाणी उपसणारेही आहेत. खाण समुद्रसपाटीच्या खाली गेली तसं पाणी भरू लागलं. उपसा थांबला की काम थांबलं. लांबलचक लाकडी नळा, आत मळसूत्रासारखी वळत गेलेली फळी, वरच्या टोकाला दांडा. दांडा फिरवला की पाणी वर चढतं. आर्किमिडीजचा म्हणून जो पंप आपण पुस्तकात शिकतो, तोच. हे उपकरण तिथं मांडलेलं आहे, त्याच्यापाशी थांबा. हे दांडे दिवस-रात्र फिरवायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा १७७८ पासून एदो शहरातली (आजच्या तोक्योतली) घरदार नसलेली, कोणत्याही नोंदवहीत नाव नसलेली माणसं पकडून इथं पाठवू लागले. गुन्हा केलेला असो वा नसो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी अठराशेहून अधिक माणसं आणली.

खाणीहून गावाकडे उतरताना त्यांची समाधी आहे. बहुतेक पर्यटक बस तिथं थांबत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ठिकाण विचारून जा. इथं मेलेल्या काहींची मरणोत्तर नावं, मूळ गाव आणि वय दगडावर कोरलेलं आहे. वयाचे आकडे वाचा. तुम्ही वर्गात ज्या वयाच्या मुलांना शिकवून बाहेर सोडलं, त्यांच्यापेक्षा फार मोठी नव्हती ती. एक फूल ठेवा.

त्यानंतर गावातली बुग्योशो, म्हणजे तोकुगावांच्या अधिकाऱ्याची कचेरी. इमारत नव्यानं उभारलेली आहे, पण आत दाखवतात ते खरं काम आहे : दगड फुटून आल्यावर सोनं कसं निघायचं. तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. मोठं जातं आहे. आपल्या घरच्या जात्यासारखं, फक्त दळायला धान्याऐवजी खडक. दळलेलं पीठ कापड अंथरलेल्या उतरत्या फळीवरून पाण्यानं धुतात. हलकी माती वाहून जाते, जड कण कापडात अडकतात. पुढं शिसं घालून वितळवलं की सोनं-चांदी शिशात उतरते, मग ते शिसं जाळून काढतात. या जागेच्या उत्खननात शिशाचे १७२ पत्रे पुरून ठेवलेले सापडले. झिजलेली जुनी जाती फेकून दिली नाहीत, आइकावाच्या दगडी बांधांत बसवलेली आहेत. चालताना भिंतीत एखादा गोल, मध्ये भोक असलेला दगड दिसला, तर ओळखाल.

इथून सोनं ओगी बंदरातून होडीनं मुख्य भूमीवर आणि तिथून खुष्कीच्या वाटेनं एदोला जायचं. १९८९ मध्ये काम थांबलं तोवर, जवळजवळ चारशे वर्षांत, या खाणीतून ७८ टन सोनं आणि २,३३० टन चांदी निघाली. बोगद्यांची एकूण लांबी सुमारे ४०० किलोमीटर भरते.

जाता जाता कितासावाचे काँक्रीटचे अवशेष बघा. वेली चढलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती, समोर ५० मीटर व्यासाची गोल टाकी. १९३० च्या दशकाच्या शेवटी खनिज वेगळं करायला बांधलेला कारखाना. फोटो सगळे इथंच काढतात. दहा मिनिटं पुरेत. उरलेला वेळ आइकावाच्या संग्रहालयाला द्या. त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिते. चारपर्यंत ऱ्योत्सुकडे परता. शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची पकडा.

प्रश्न : सादोच्या खाणीला जागतिक वारसा देताना कोरियानं विरोध केला होता, असं वाचलं. नेमकं काय झालं होतं? मुलांना घेऊन जाणार आहे, त्यांना काय सांगावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हा निर्णय आपल्याकडेच झाला, २७ जुलै २०२४ रोजी, नवी दिल्लीच्या भारत मंडपममध्ये. जागतिक वारसा समितीचं ते ४६ वं अधिवेशन. त्याच बैठकीत आसामचे मोइदाम, म्हणजे अहोम राजघराण्याची दफनस्थळं, यादीत आले, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत सादोबद्दल फारसं आलं नाही.

जपाननं अर्ज केला तो एदो काळातल्या हातखाणीसाठी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या. युरोपात यंत्रं आली होती, तेव्हा इथं हातानं, अतिशय काटेकोर श्रमविभागणीनं एवढं सोनं काढलं जात होतं, आणि ते खरोखर जगात वेगळं आहे. पण खाण तिथं संपत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ती मित्सुबिशीकडे होती. १९४० ते १९४५ या काळात सुमारे दीड हजार कोरियन मजूर इथं राबले. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. आधी भरती, मग सरकारी हुकूम. दक्षिण कोरियाचं म्हणणं असं की काळाची रेघ मध्येच ओढून ही माणसं बाहेर ठेवता येणार नाहीत.

तडजोड झाली : आइकावाच्या स्थानिक संग्रहालयात या मजुरांवर दालन करायचं आणि दरवर्षी मृतांसाठी स्मृतिसभा घ्यायची. दालन झालं. कोरियन मजुरांना बोगद्यातली जास्त धोक्याची कामं दिली जात, हे तिथं कागदपत्रांच्या आधारे मांडलं आहे. मात्र त्यांना सक्तीनं आणलं, असं स्पष्ट लिहिलेलं नाही, आणि त्यावरून कोरियात नाराजी आहे. नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या स्मृतिसभेला कोरियाचं सरकार आलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळी श्रद्धांजली वाहिली, मजुरांच्या जुन्या वसतिगृहाच्या जागेवर.

मला विचाराल तर ते वाक्य तिथं असायला हवं होतं. ज्या गावानं एदोच्या बेघर मजुरांची समाधी जपली, त्या गावाला हे जड जाऊ नये. सादोच्या लोकांशी बोलताना मला कधी टाळाटाळ जाणवली नाही. संग्रहालयातल्या एका वयस्क बाईंनी मला स्वतः जिना चढून ते दालन दाखवलं आणि मी वाचेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

मुलांना सगळं सांगा. आधी डोंगराची चीर दाखवा, जातं दाखवा, ते कौशल्य बघून त्यांचे डोळे विस्फारू देत. मग समाधी आणि मग संग्रहालय, याच क्रमानं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं. प्रश्न विचारतील, तेव्हा घाईनं गप्प करू नका. आणि हो, खाणीच्या प्रदर्शनात साडेबारा किलोची खरी सोन्याची वीट काचपेटीत ठेवलेली असते. भोकातून एक हात घालून, ठरलेल्या सेकंदांत ती बाहेर काढायची. मुलांना तिथून हलवणं कठीण जातं, तेवढा वेळ धरून ठेवा.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. सादोवर खाण्याचं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अडचण होते, ती आधीच सांगते. मासे नसलेल्या पदार्थातही माशाचं पाणी असतं. मिसो सूप, सोबाचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात. बेटावर शाकाहारी खानावळ शोधत बसाल तर आइकावाला पोचेपर्यंत दुपार होईल. जेवण बरोबर न्या : दशम्या, कोरडी चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे. तिथला भात मात्र सोडू नका. सादोचा तांदूळ जपानभर नावाजलेला आहे. तोकी पक्ष्याला खाचरांत खायला मिळावं म्हणून बरेच शेतकरी औषधफवारणी कमी करतात. दुकानात उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेले भाताचे गोळे मिळतात. वेष्टणावरचा मजकूर फोनवर वाचून घ्या. साध्या पांढऱ्या भातावर मेतकूट आणि घरून नेलेलं तूप घातलंत की पोटभर होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर बिनबियांची ओकेसा पर्सिमन फळं रस्त्याकडेला विकायला असतात. पिशवीभर घ्या, परतीच्या बोटीत संपतात.